बाप्तिस्म्याच्या पुढची पाने

मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनांवर आजवर जे लिहिले गेले ते समोर ठेवून वाचले, तर एक गोष्ट लवकर ध्यानात येते. बहुतेक समीक्षक एकाच प्रसंगापाशी येऊन थांबतात. तो प्रसंग म्हणजे बाप्तिस्मा. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती का झाले, पंडिता रमाबाई १८८३ साली का झाल्या, नारायण वामन टिळक १८९५ साली का झाले? उत्तरे निरनिराळी दिली जातात. कोणी जातिव्यवस्थेची चीड सांगतो, कोणी स्त्रीची दुरवस्था, कोणी मिशनऱ्यांचा सहवास, कोणी इंग्रजी शिक्षण. प्रश्न मात्र तोच राहतो. व्हायचे ते झाल्यावर पुढची वीस-तीस-चाळीस वर्षे ही माणसे देवाशी कशी वागली, घरातले पीठ संपले तेव्हा काय केले, पोटचे मूल गेले तेव्हा कोणाशी भांडली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेवढी पाने आपण भराभर उलटतो.

नंदुरबार जिल्ह्यात बसून ही पुस्तके वाचणाऱ्याला ही सवय जरा जास्त टोचते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले. नवापूर, विसरवाडी, खांडबारा, चिंचपाडा या पट्ट्यात तेव्हापासून ख्रिस्ती कुटुंबे आहेत. काहींची आता चौथी पिढी आहे. या लोकांविषयी वर्तमानपत्रांत आणि सभांत जो शब्द फिरतो तो एकच, 'धर्मांतर'. बाजूने बोलणारा आणि विरुद्ध बोलणारा, दोघेही आजोबाने काय केले याचीच चर्चा करतात. नातू रविवारी सकाळी गुडघे टेकून काय बोलतो, हा प्रश्न दोघांच्याही कामाचा नाही. साहित्याच्या समीक्षेने तरी तो विचारावा की नाही? नाही विचारला, तर समीक्षा आणि सभेतले भाषण यांत फरक काय राहिला?

या सवयीचे मूळ काही अंशी साहित्यप्रकारातच आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८० च्या दशकात प्रसिद्ध झाले. नावच पाहा. पहाट झाली, अंधार सरला. पुस्तकाचा सारा भर उजाडेपर्यंतच्या रात्रीवर आहे. संशय, वाचन, चर्चा, घरच्यांचा विरोध आणि शेवटी निर्णय. असे पुस्तक आपल्या नायकाला उंबरठ्यापर्यंत आणून पोचवते. त्यात गैर काही नाही. 'यमुनापर्यटन' लिहिणाऱ्या लेखकाला गोष्ट कुठे थांबवायची हे कळत होतेच. पण पुढे ही चौकट इतकी रूढ झाली की मागून आलेली, वेगळ्या मापाची पुस्तकेही आपण तिच्यातच कोंबून वाचू लागलो.

रमाबाईंचेच घ्या. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष इंग्रजीतून प्रसिद्ध केली. छोटे पुस्तक आहे. त्यात त्या एक विलक्षण गोष्ट सरळ सांगून टाकतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटिज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मात्र मिळालेला नाही. हे वाक्य माझ्या शब्दांत सांगितले. आशय त्यांचाच आहे. ही आठ वर्षे कोणती? इंग्लंडमधील अभ्यास, अमेरिकेचा दौरा, १८८९ साली मुंबईत काढलेले शारदा सदन, ते पुण्याला हलवणे, आणि त्यावरून उठलेले वादळ. म्हणजे ज्या काळातल्या रमाबाईंवर आपण सर्वांत अधिक लिहितो, तो काळ त्यांच्या स्वतःच्या हिशेबात अपुरा होता. पुढे काय झाले? विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्रीचे आत्मकथन त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ व्यासपीठावरून प्रवचन देत असताना, स्वतःचेच बोलणे ऐकत, पालटला होता. दीक्षा झालेला, वेतन घेणारा, इतरांना उपदेश करणारा माणूस आतून रिकामा असू शकतो, हे रमाबाईंना त्यात दिसले आणि त्यांनी ते स्वतःला लावून पाहिले.

रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. तेव्हापासून अभ्यासकांचे सारे लक्ष त्या पत्रांकडे गेले, आणि ते योग्यच झाले. चर्चच्या अधिकाऱ्यांशी, सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी घातलेले वाद वाचताना आजही मन हरखते. पण त्या वादांतून आपण स्वतंत्र बाण्याची स्त्री तेवढी उचलली आणि साक्षीचे पुस्तक भक्तिपर म्हणून बाजूला ठेवले. माझ्या मते ही दोन्ही पुस्तके एकच गोष्ट सांगतात. ज्या बाईला बिशपच्या मध्यस्थीवाचून देवाशी बोलायचे होते, तिलाच आठ वर्षांनी कबूल करावे लागले की मध्यस्थ दूर सारला तरी ओळख आपोआप होत नाही. पत्रे वाचून साक्ष टाळणाऱ्याच्या हाती हा अर्धाच माणूस लागतो.

साक्षीत आणखी एक जागा आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मरणपंथाला लागले. तीर्थे झाली, पुराणे सांगून झाली, अंगावरचे दागिने आणि भांडी विकून झाली, अन्न मिळेना. त्या अवस्थेत वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले आणि तिला देवाच्या हाती सोपवून दिले. रमाबाई हा प्रसंग ख्रिस्ती साक्षीत सांगतात आणि त्यावर एकही खोडसाळ शब्द लिहीत नाहीत. वडील चुकीच्या देवाला विनवत होते असेही म्हणत नाहीत. मला वाटते, विश्वास म्हणजे काय हे त्या तिथे शिकल्या, बाप्तिस्म्याच्या नऊ वर्षे आधी, एका उपाशी वैदिक ब्राह्मणाकडून. 'का झाल्या' हाच प्रश्न विचारणाऱ्याला या प्रसंगाचे काय करावे ते कळत नाही. त्याच्या लेखी हा दुष्काळ म्हणजे जुन्या धर्मावरचा विश्वास उडण्याचे कारण. तसा तो उडालाही. पण सोपवून देण्याची ती कृती उडाली नाही; केडगावच्या मुक्तिसदनात पुढे तीच चालू राहिली.

केडगावविषयी बोलताना 'देवावर भरवसा' हा शब्द सैल वापरून चालत नाही. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत तिथे मुली, विधवा, अनाथ शेकड्यांनी आल्या. ठरलेल्या वर्गणीवर विसंबायचे नाही, प्रार्थना करायची, हा मार्ग रमाबाईंनी धरला. ब्रिस्टॉलमध्ये अनाथगृहे चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र त्यांनी वाचले होते. पण त्याच वेळी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला आणि तो चालवायला बायकांना शिकवले. प्रार्थना आणि पहार यांत त्यांना विरोध दिसला नाही. याच छापखान्यात त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर जुळवले गेले. साध्या बाईला कळेल असे बायबल हवे, हा त्यांचा आग्रह होता. संस्कृतची इतकी मोठी पंडिता आणि तिने संस्कृत शब्द गाळत बसावे! हे काम चालू असतानाच जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते.

टिळकांकडे वळताना हा ताण एकदम सैल होतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय माणसाशी पडलेली गाठ, त्याने दिलेला नवा करार, डोंगरावरील प्रवचन वाचून मनाचे झालेले पाणी, ही हकीकत सर्वांना माहीत आहे आणि मला तिच्यावर शाई घालवायची नाही. मला महत्त्वाचे वाटते ते टिळकांचे संबोधन. ख्रिस्ताला ते 'माउली' म्हणतात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे त्यांनी म्हटल्याचे प्रसिद्धच आहे. हा पूल कशाचा बनलेला होता? मला वाटते, एका सर्वनामाचा. जुन्या मराठी घरात आई 'तू' आणि वडील 'तुम्ही'. स्वर्गातल्या पित्याला हाक मारायची तर व्याकरण अडते, कारण मराठी प्रार्थना त्या पित्याला 'तू' म्हणते. ज्या मुलाने घरातल्या वडिलांना कधी 'तू' म्हटले नाही, त्याला हे 'तू' कुठून मिळणार? वारकऱ्यांनी ते आधीच मिळवून ठेवले होते; विठोबाला आई करून. टिळकांचे वडील कडक होते आणि ज्या आईवर त्यांचा जीव होता ती लहानपणीच गेली. त्यांच्या गीतांतला ख्रिस्त बापापेक्षा आईसारखा का बोलतो, याचे कारण एवढ्यात संपत नसेल, पण सुरू इथूनच होते.

१९१७ साली त्यांनी मिशनची चाकोरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावे, अशी ती कल्पना होती. बाप्तिस्म्यापाशी थांबणाऱ्या समीक्षेला यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते हवे? स्वतः टिळकांनीच बावीस वर्षांच्या अनुभवानंतर तो विधी शेवटचा शब्द मानायला नकार दिला. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबार फार काळ चालला नाही.

असे असूनही, रोजच्या जगण्यातल्या भरवशाचा कवी म्हणून टिळक मला कमी पडतात. हे लिहिताना मी 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली त्यांची गीते आठवतो आहे. आमच्या भागातल्या मंडळ्यांतही ती म्हटली जातात. त्यांत उमाळा आहे, चाल आहे, शब्द कसे पाण्यासारखे आहेत. पण भरवसा त्यांना फार स्वस्त पडतो. पैसा हातात आला की कोणाला तरी देऊन मोकळे व्हायचे, उद्याची चिंता करायची नाही, पक्ष्यांना कोण चारतो ते पाहायचे. हे सगळे खरे; परंतु संध्याकाळी चूल कोणी पेटवायची? त्या प्रश्नाचे उत्तर टिळकांच्या कवितेत नाही. ते त्यांच्या बायकोच्या गद्यात आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्यांचा विनोद, सरळपणा, बोली भाषा यांची वाहवा पुष्कळ झाली आहे. अलीकडे स्त्रीच्या आत्मकथनाचा आरंभीचा मोठा नमुना म्हणून पुस्तक वाचले जाते. इंग्रजीत त्याची एकाहून अधिक भाषांतरे झाली. शांता गोखल्यांचे २०१७ साली आले. या सगळ्या वाचनांत देव कुठे जातो? तो जातो कारण लक्ष्मीबाई त्याच्याविषयी प्रवचन करत नाहीत. त्या सांगतात ते घरखर्चाविषयी. माझे म्हणणे असे की त्यांच्या पुस्तकात घरखर्च आणि देव हे दोन विषय नाहीतच.

आरंभ आठवा. जलालपूरचे माहेर, आणि वडिलांचे सोवळे. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. धान्य धुवायचे, मीठ धुवायचे, साखर धुवायची. लक्ष्मीबाई हे इतक्या गमतीने सांगतात की वाचक हसतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून पाहावे. हा देवाशी असलेला एक संबंधच आहे, भीतीचा. मीठ धुतल्यावर हातात काय उरते? लक्ष्मीबाई त्याचे तात्पर्य सांगत नाहीत. त्या घरातल्या बायकांना पडणारे काम सांगतात.

मग लग्न, आणि असा नवरा जो कोणत्याही दिवशी घर सोडून जाऊ शकतो. १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. त्या काळातली लक्ष्मीबाईंची दशा वाचवत नाही. पुढे नवऱ्याजवळ आल्यावरही त्यांनी आपले जातपात सोडले नव्हते. ते सुटले कसे? कोणाच्या उपदेशाने सुटले नाही. देवाने जाती केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जसा फरक उघड दिसतो तसा माणसांच्या शरीरातही ठेवला असता, असा एक साधा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवून टाकले. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. माझ्या वाचनात पुस्तकाचा कणा या पाण्याच्या आणि अन्नाच्या निर्णयात आहे. बाप्तिस्मा त्याच्या मागून येतो. मीठ धुणाऱ्या बापाची मुलगी कोणाच्याही हातचे पाणी पिते, ते कोणत्या बळावर? देव आपल्यावर डोळा ठेवून बसलेला नाही, हे तिला कळले आहे. वैयक्तिक ओळख म्हणतात ती ही. लक्ष्मीबाईंनी तिला असे नाव दिलेले नाही, हे पुस्तकाचे भाग्य.

त्या नवऱ्याचा उल्लेख सबंध पुस्तकभर 'टिळक' असा, आदरार्थी अनेकवचनात करतात. या आदरात किती मिश्कीलपणा आहे हे वाचणाऱ्याला कळते. टिळकांचा देवावर भरवसा आहे. लक्ष्मीबाईंना टिळकांच्या भरवशाचे परिणाम निस्तरायचे आहेत. दुष्काळात अनाथ मुले घरी येतात, कवी येतात, आमच्याच खानदेशातला धरणगावचा ठोमरे, म्हणजे बालकवी, येऊन राहतो. प्रत्येकाला ताट लागते. टिळकांनी उद्याची चिंता देवावर टाकली की ती पहिल्यांदा लक्ष्मीबाईंच्या पदरात पडते, आणि तिथून त्या ती पुढे देवाकडे पाठवतात. मध्ये दोन घास कमी खाऊन, शेजारणीकडून काही आणून, कधी नवऱ्याशी भांडून. विश्वासाचे इतके प्रामाणिक वर्णन मराठीत मला दुसरे ठाऊक नाही. वैतागालाही त्यात जागा आहे. भक्तिपर पुस्तकांत वैताग हे पाप असते. इथे तो प्रार्थनेच्या शेजारी बसलेला असतो.

एका आक्षेपाचा विचार करायला हवा. हे सगळे सोसणे म्हणजे विश्वास, असे म्हणून आपण बाईच्या राबण्याला देवाचे नाव देत नाही ना? आक्षेप वजनदार आहे. पण याचे उत्तर पुस्तकाच्या बाहेर, लक्ष्मीबाईंच्या कामात मिळते. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केले आणि दहा-अकरा अध्यायांनंतर ते अपुरे राहिले. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. नवऱ्याच्या सावलीत विझून गेलेली बाई हे करत नाही. काव्य म्हणून ते 'स्मृतिचित्रे'च्या जवळपासही येत नाही, हे मला मान्य आहे. ओवी चालते, पण लक्ष्मीबाईंचा आवाज तिच्यात दबतो. तरी चौसष्ट ही संख्या विसरता येत नाही.

या पुस्तकांनंतर नवापूर भागातल्या प्रार्थनासभा ऐकणाऱ्याला ओळखीची वाट सापडते. तिथे गीत बहुधा मराठीत होते, बोलणे मावचीत. सभेत साक्ष होते. 'साक्ष' हा मराठी ख्रिस्ती बोलीतला रुळलेला शब्द. कचेरीत द्यायची तशीच, पाहिले ते सांगायचे. विषय ठरलेले असतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले कुटुंब, रात्रीचा ताप, हरवलेली शेळी, दारू सुटलेला भाऊ, दवाखान्यात नेईपर्यंतचा रस्ता. काही साक्षींत मूल वाचते. काहींत वाचत नाही, आणि सांगणारा तरीही उभा राहून सांगतो. धर्मांतराची गोष्ट या साक्षींत क्वचितच येते. आजोबाने केव्हा आणि का निर्णय घेतला हे पुष्कळांना नीट सांगताही येत नाही. त्यांचा देवाशी हिशेब या आठवड्याचा असतो.

भाषेचाही प्रश्न आहे. टिळकांना जे 'तू' वारकऱ्यांकडून घ्यावे लागले, ते इथे घरचेच आहे. खेड्यातल्या जुन्या अहिराणीत बापालाही 'तू' म्हणतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या बोलींतही आदरार्थी अनेकवचनाचा बडेजाव फारसा नाही. त्यामुळे मराठी प्रार्थनेत जी जवळीक धिटाईची वाटते, ती इथे साधी बोलण्याची रीत होऊन येते. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा भिल्ली भाषांवरचा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात खानदेशी आणि मावचीचाही समावेश आहे. या साऱ्या पाहणीसाठी नमुना म्हणून जो उतारा ठरला होता तो उधळ्या पुत्राचा दृष्टांत. कारण व्याकरणाचे. त्या गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, बहुतेक विभक्ती येतात, तिन्ही काळ येतात. सरकारी कामासाठी, धर्माशी संबंध न ठेवता, बापलेकांच्या त्या गोष्टीची डोंगरातल्या आणि मैदानातल्या बोलींत भाषांतरे झाली. 'तू' आणि 'मी' यांची रूपे तपासायची म्हणून! भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी हे उतारे वाचले; मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी ते उघडून पाहायला हरकत नाही.

साक्षींचीही मी भलावण करणार नाही. अनेक साक्षी साच्यातल्या असतात. आधी संकट, मग प्रार्थना, मग उत्तर, मग स्तुती. ऐकणाऱ्याला शेवट आधीच कळतो. दवाखान्याचे श्रेय कोणी घेत नाही, आणि चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयातल्या परिचारिकेने रात्रभर जागून काढली असेल तरी साक्षीत ती येईलच असे नाही. मिशनच्या छापील वृत्तांतांनी हा साचा शिकवला असावा, असा माझा कयास आहे. पण साच्यातून निसटलेल्या साक्षी ऐकाव्यात. त्यांत सांगणारा अर्थ लावत नाही. शेळी कितीची होती, ती कोणत्या ओहोळापाशी सापडली, कोणी सांगितले, तेव्हा आपल्या खिशात किती रुपये होते, एवढे बोलून तो बसतो. लक्ष्मीबाईंच्या गद्याची हीच पद्धत आहे.

आता नवा करार मावचीत आहे, आणि मोबाईलवर तो ऐकताही येतो. साक्षी मात्र अजून तोंडीच आहेत. त्या कधी छापल्या जातात तेव्हा मराठीत जातात, आणि मराठीत उतरताना त्यांतून पहिल्यांदा गळते ती शेळीची किंमत. मग ओहोळाचे नाव जाते. मग सांगणाऱ्याचा वैताग जातो, कारण लिहून घेणाऱ्याला तो बरा दिसत नाही. उरतो तो आरंभीचा अंधार आणि शेवटचा उजेड, म्हणजे पुन्हा 'अरुणोदय'. ज्यांना मावची येते आणि मराठीही लिहिता येते असे तरुण आता नवापूर-नंदुरबारच्या महाविद्यालयांत आहेत. त्यांच्यापैकी कोणी या साक्षी जशाच्या तशा, किमतीसकट आणि वैतागासकट, उतरवून घेतल्या तर त्या 'स्मृतिचित्रे'च्या शेजारी ठेवून वाचता येतील.